तोडीनंतरचे दहा पावसाळे : सह्याद्रीचा उतार कमकुवत होतो तो असा

डोंगरावरची झाडं काढली, जमीन जेसीबीने सपाट केली आणि पुढचे दोन पावसाळे काहीच झालं नाही, की गावात एक मत पक्कं होऊन बसतं : तेव्हा उगाच घाबरवत होते. सगळी गोम इथेच आहे. उतार कमकुवत व्हायला सुरुवात होते तोडीच्या दिवसापासून, पण त्याची ताकद तळाला जाते ती साधारण तिसऱ्या ते दहाव्या-पंधराव्या वर्षाच्या मधे कधीतरी. तोवर तोड करणारा ठेकेदार निघून गेलेला असतो, सातबाऱ्यावरचं नावही कधी कधी बदललेलं असतं. मग एका रात्री दरड येते आणि सगळं खापर त्या रात्रीच्या पावसावर फुटतं.

पाऊस निमित्त असतो हे खरं. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस नोंदला गेला. हवामान खात्याच्या हिशेबात २०४.४ मिमीच्या वर गेला की तो ‘अतिवृष्टी’च्या सगळ्यात वरच्या पायरीवर जातो, हा त्याच्या जवळजवळ तिप्पट. त्याच पावसात महाड तालुक्यातलं तळिये गाडलं गेलं आणि ८० हून जास्त माणसं गेली. पण तोच पाऊस शेजारच्या डोंगरांवरही पडत होता, आणि त्यातले बहुतेक जागेवर राहिले. नेमका हाच उतार का आणि याच वर्षी का, या प्रश्नाचं उत्तर ढगात सापडत नाही. ते जमिनीत, आणि त्या जमिनीचं गेल्या वीस-तीस वर्षांत काय काय झालं त्यात शोधावं लागतं.

डोंगर आतून कसा आहे

सह्याद्री म्हणजे लाव्हारसाचे थर, भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक. मधूनमधून दोन थरांच्या सांध्यात तांबड्या, मऊ मातीची पट्टी दिसते. घाटात गाडी थांबवून कापलेल्या कड्याकडे पाहिलं तर ही लाल रेघ सहज ओळखता येते. काळा पाषाण भेगाळलेला असतो, त्यातून पाणी खाली झिरपतं. तांबडी पट्टी त्याला अडवते. मग पाणी आडवं चालतं आणि उताराच्या पोटातून झरा होऊन बाहेर पडतं.

वरून झिजून आलेले दगड, मुरूम आणि माती कड्याच्या खाली, जिथे उतार जरा मवाळ होतो तिथे साचतात. हा ढिगारा हजारो वर्षांचा असतो. वरून तो साधी जमीन वाटतो, आत मात्र भुसभुशीत असतो. आणि वस्ती नेमकी तिथेच होते, कारण माती खोल, जागा त्यातल्या त्यात सपाट आणि झरा हाताशी. आंबेगाव तालुक्यातलं माळीण (३० जुलै २०१४, १५१ मृत्यू), महाडमधलं तळिये, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३ ची रात्र, २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले), या तिन्ही वस्त्या वरच्या खड्या उताराच्या पायाशी किंवा मधल्या टप्प्यावर वसलेल्या. गाव वसवणारे चुकले असं म्हणणं सोपं आहे, पण पाणी आणि माती सोडून माणूस राहणार तरी कुठे? त्या ढिगाऱ्यावर पिढ्यानपिढ्या राहता आलं, कारण तो तोलून होता. तोल किती बारीक असतो ते आकड्यांत पाहू.

एक चौरस मीटरचा हिशेब

३० अंशांचा उतार घेऊ. खडकावर २ मीटर जाडीचा मातीचा थर, मातीचं वजन घनमीटरला १.८ टन. उताराच्या दर चौरस मीटरमागे ही माती १.५६ टन जोराने खाली ओढत असते. तिला धरून ठेवणाऱ्या गोष्टी तीन : घर्षण, मातीचा स्वतःचा चिकटपणा आणि मुळांची पकड. माती कोरडी असताना घर्षण १.६९ टन येतं (घर्षणाचा कोन ३२ अंश धरला आहे). चिकटपणा ०.३ आणि मुळं ०.५ टन धरू. प्रत्यक्षात हे जागेप्रमाणे कमी-जास्त होतं. बेरीज २.४९. धरणारा जोर भागिले ओढणारा जोर म्हणजे १.६. हा आकडा १ च्या वर आहे तोवर उतार उभा, १ च्या खाली गेला की सरकला.

आता सलग पावसाने थराच्या तळाशी १ मीटर उंचीपर्यंत पाणी साचलं. पाणी मातीच्या कणांना आतून उचलून धरतं, कणांचा एकमेकांवरचा दाब कमी होतो आणि घर्षण १.२२ टनांवर येतं. मुळं शाबूत असतील तर भागाकार १.२९. मुळं नसतील तर ०.९७. पाऊस तोच, माती तीच. एक उतार उभा राहिला, दुसरा खाली आला.

आणखी पाऊस पडून पूर्ण २ मीटर थर पाण्याने भरला तर घर्षण पाऊण टनावर येतं. मुळांसकट भागाकार ०.९९ येतो, मुळांशिवाय ०.६७. म्हणजे जंगल असलेला उतारही पाणी काठोकाठ भरलं की टेकीला येतो. झाडं लावली की दरडी थांबतील असं जे सरसकट सांगितलं जातं ते अर्धंच खरं. झाडं उताराची पाणी सोसायची मर्यादा वर ढकलतात, ती काढून टाकत नाहीत. शिवाय मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन मीटरांतच असतात. घसरायची पातळी पाच-सात मीटर खोल असेल, तर मुळांचा आधार तिथवर पोचतच नाही. अशा ठिकाणी पाणी आत शिरू न देणं आणि शिरलेलं बाहेर काढणं एवढाच इलाज उरतो.

हा हिशेब डोक्यात ठेवला की जमिनीच्या वापरातल्या प्रत्येक बदलाला दोनच प्रश्न विचारायचे. याने पकड कमी होते का? याने थरातलं पाणी वाढतं का? बरेच बदल दोन्ही करतात.

मुळं मरायला वेळ लागतो

झाड तोडलं तरी मुळं लगेच कुजत नाहीत. आधी केसाएवढी बारीक मुळं जातात, मग बोटभर जाडीची. मातीला विणून ठेवण्याचं काम बारीक आणि मध्यम मुळंच जास्त करतात, त्यामुळे पहिल्या तीन-पाच वर्षांत निम्म्याहून जास्त पकड गेलेली असते. कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ नळ्या उरतात आणि पावसाचं पाणी त्यांतून थेट खोल उतरतं. दरम्यान नवी झाडोरी वाढत असते, तिची पकड हळूहळू चढत जाते. जुनी उतरत चाललेली आणि नवी अजून न चढलेली, असा मधला खड्डा तिसऱ्या ते पंधराव्या वर्षात कुठेतरी पडतो. त्या काळात एखादं मोठं पावसाळी वर्ष आलं की संपलं. वाचलंच, तर वीस-पंचवीस वर्षांनी उतार पुन्हा सावरतो.

इथे तोडीची पद्धत फार महत्त्वाची ठरते. कोकणात खाजगी रानाची तोड पिढ्यानपिढ्या होत आली : जळणासाठी, कोळशासाठी, राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) टहाळ. पण बुंधा जमिनीत राहायचा. ऐन, किंजळ, जांभूळ यांना बुंध्यापासून फुटवे येतात, मुळं जिवंत राहतात, उताराची पकड पुरती सुटत नाही. जेसीबी लावून बुंधा मुळासकट उपटला की ही सगळी तरतूद एका दिवसात जाते. वर उपटलेल्या जागी खड्डे, म्हणजे पाण्याला आयते हौद.

१९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली गेली आणि कोकणातल्या वरकस, म्हणजे भात न होणाऱ्या उताराच्या जमिनींवर आंबा-काजू मोठ्या प्रमाणावर आला. त्याने घराघरांत पैसा आला, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण बाग म्हणजे रान नव्हे, हे आकड्यांत दिसतं. हापूसची कलमं १० × १० मीटरवर, म्हणजे हेक्टरी १०० झाडं. काजू ७ × ७ मीटरवर, हेक्टरी २०० च्या आसपास. मधली जमीन पावसाळ्याआधी साफ केलेली. रानात एवढ्याच जागेत मोठी झाडं, झुडपं, वेली आणि गवत यांची मुळं वेगवेगळ्या खोलीवर एकमेकांत गुंतलेली असतात. दोडामार्गकडे रबर आल्यावर डोंगरच्या डोंगर पायऱ्या कापून साफ झाले, तिथे हा फरक आणखी ठळक आहे. २० अंशांच्या आतल्या उतारावर बाग बहुधा निभावते. ३० च्या वर, आणि खाली घरं असतील तर, रान ठेवावं. बाग करायचीच असेल तर उताराला आडवे, निदान दहा मीटर रुंदीचे रानाचे पट्टे सोडून करावी आणि बुंधे उपटू नयेत. रान साफ करताना गवत खरवडू नये, कापावं.

खाचरं, पडकई आणि चर

भातखाचर ही डोंगरातली सगळ्यात जुनी अभियांत्रिकी. उताराला पायरी काढायची तर आतली बाजू कापायची आणि ती माती बाहेरच्या बाजूला भरायची. कापलेला भाग घट्ट, भरलेला भाग सैल. हाताने, दगडी बांध घालत, वर्षाला थोडी थोडी पायरी काढली की भराव दरवर्षीच्या पावसात बसत जातो, बांध कुठे फुगतोय ते दिसतं, दुरुस्ती होते. आंबेगाव-जुन्नर पट्ट्यातली पडकई, म्हणजे उतारावर भातासाठी पायऱ्या काढायची रीत, मुळात अशी होती. यंत्राने हेच काम चार दिवसांत होतं, भराव सैलच राहतो आणि पहिल्या पावसात तो भरपूर पाणी पिऊन बसतो. माळीणनंतर पडकईवर बोट दाखवलं गेलं, त्यावर बराच वाद झाला, ‘त्या उतारावर पडकई नव्हतीच’ असंही सांगितलं गेलं. तो वाद बाजूला ठेवला तरी हाताची पडकई आणि यंत्राचं सपाटीकरण यांना एकाच पारड्यात तोलणं चूक आहे.

उलट बाजूही पाहायला हवी. घरातली तरुण माणसं मुंबई-पुण्याला गेली, खाचरं पड पडली. पड जमीन म्हणजे जमिनीला विश्रांती, असं वाटतं. चिखलणी केलेल्या खाचराला तळाशी एक घट्ट, पाणी न सोडणारा थर तयार झालेला असतो. लागवड बंद झाली की उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात, खेकडे आणि उंदीर बांध पोखरतात, सांडवा बुजतो. मग जूनमध्ये पाणी बाजूने वाहून न जाता खाचरात तुंबतं आणि भेगांतून खाली उतरतं. वरचं एक खाचर फुटलं की पाण्याचा लोंढा खालच्या पायऱ्या उधळत येतो. म्हणून गावाच्या डोक्यावरची पड खाचरं हा तिथला सगळ्यात दुर्लक्षित धोका आहे. लागवड करायची नसेल तर निदान मे महिन्यात प्रत्येक खाचराचा बांध सांडव्याशी वीतभर खाली करून पाणी थेट व्हाळाकडे (ओढ्याकडे) काढून द्यावं.

आता जरा न रुचणारी गोष्ट. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हा मंत्र ४००-५०० मिमी पावसाच्या दुष्काळी तालुक्यांत सोन्यासारखा आहे. तोच मंत्र अडीच-तीन हजार मिमी पावसाच्या घाटमाथ्यावर, खड्या उतारावर लावला तर घात होतो. ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल असा सलग समतल चर (उताराला आडवा, एकाच पातळीवर खणलेला) १०० मीटर लांबीला १८ घनमीटर, म्हणजे १८,००० लिटर पाणी धरतो. जुलैत तो भरतो, जिरतो, पुन्हा भरतो. प्रत्येक वेळी ते पाणी कुठे जातं? वरच्या हिशेबातल्या त्या २ मीटरच्या थरात. जिथे पाण्याची पातळी १ मीटरवरच थांबली असती तिथे ती आपण हाताने वर चढवली. उद्दिष्ट पूर्ण झाल्याचा फलक लागतो, पण उताराचा कोन कोणी मोजलेला नसतो. जास्त पावसाच्या डोंगरात पायऱ्या आतल्या बाजूला किंचित कलत्या हव्यात आणि आतल्या अंगाला १०० मीटरला साधारण १ मीटर उतार देऊन पाणी बाहेर नेणारा नाला हवा. पाणी जिरवायचं ते खाली, सपाटीवर.

रस्ता

रस्त्याइतका झटपट उतार बिघडवणारा दुसरा बदल नाही. त्याच ३० अंशांच्या उतारावर ६ मीटरचा रस्ता आणि १ मीटरचं गटार पूर्ण कापून काढायचं तर आतल्या बाजूला चार मीटर उंचीची उभी भिंत उघडी पडते. किलोमीटरमागे सुमारे १४,००० घनमीटर माती-दगड निघतो. तो वाहून न्यायला खर्च येतो, म्हणून बहुधा खालच्या अंगाला लोटून देतात. एका कामात तीन इजा : वरच्या उताराचा पाय कापला, खालच्या उतारावर सैल ओझं टाकलं, आणि मधे गटार खणून डोंगरभरचं पाणी गोळा करून रस्त्याखालच्या चार मोऱ्यांत सोडलं. मोरीच्या तोंडाशी जिथे पूर्वी पाणी पसरून जायचं तिथे आता एकच जाडजूड धार पडते आणि घळ खणत जाते. मोरी पालापाचोळ्याने तुंबली तर पाणी रस्ता ओलांडून भलत्याच जागी उतरतं. पावसाळ्यातल्या अनेक दरडी अशा तुंबलेल्या मोरीपाशी सुरू होतात.

मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात चिपळूणजवळचा परशुराम घाट वारंवार खचला, तो याच कारणाने चर्चेत राहिला. कोकण रेल्वेने हा धडा महागात घेतला. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ कटिंगमधून आलेल्या दगड-मातीवर गाडी आदळली आणि पन्नासच्या वर प्रवासी गेले. त्यानंतर जाळ्या, खडकात रोवलेले बोल्ट, कटिंगचा कोन कमी करणं आणि पावसाळ्यात वेग कमी ठेवून गस्त घालणं हे सगळं दरवर्षीचं झालं. मार्ग सुरू होऊन पंचवीस वर्षं उलटली तरी ते काम संपलेलं नाही, कारण कापलेला उतार नवा तोल शोधायला काही दशकं घेतो.

संरक्षक भिंतीबद्दल एकच गोष्ट. भिंत मातीच्या जोराने पडते त्यापेक्षा जास्त वेळा पाठीमागे तुंबलेल्या पाण्याने पडते. भिंतीत दीड-दोन मीटर अंतरावर चार इंची पाइप बाहेर काढलेले हवेत आणि त्यांच्या मागे निदान एक फूट रुंदीची दगड-खडीची गाळणी हवी. पाइप असतात, गाळणी नसते. पहिल्या वर्षीच माती जाऊन ते बुजतात. भर पावसात भिंतीच्या पाइपांतून पाणी येत नसेल तर भिंत कोरडी आहे असं समजू नये.

जांभ्याचा सडा, खाली शेडू

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात गोष्ट थोडी वेगळी. वर जांभ्याची टोपी, म्हणजे सपाट सडा, तिच्याखाली शेडू, म्हणजे पांढरट-पिवळी, ओली झाली की साबणासारखी निसरडी होणारी माती, आणि तळाला खडक. जांभा पाणी सहज आत घेतो, शेडू अडवतो. सड्याच्या कडेला, जांभा आणि शेडू यांच्या सांध्यावर झरे असतात, ते यामुळेच. चिरेखाण (बांधकामाचे जांभ्याचे चिरे काढायची खाण) सड्याच्या कडेजवळ खणली आणि काम संपल्यावर तशीच सोडली की पावसाळ्यात तिचं तळं होतं. त्या पाण्याचा दाब सरळ शेडूवर येतो आणि कडेचे जांभ्याचे ठोकळे, घराएवढे, शेडूवरून घसरत खालच्या वाडीत येतात. रत्नागिरीजवळचं रेल्वेचं पोमेंडी कटिंग वर्षानुवर्षं डोकेदुखी ठरलं ते असल्या मऊ मातीपायीच. खाण बंद करताना पाणी सड्याच्या आतल्या बाजूला, वस्तीपासून दूर काढणारा चर खणणं हे काम फार मोठं नाही, पण करवून घ्यावं लागतं.

वरची माती खाली जाते

डोंगरात सैल झालेली माती डोंगरात थांबत नाही. सावित्री, वाशिष्ठी या नद्या लहान आहेत. घाटमाथ्यावरून समुद्रापर्यंतची त्यांची वाट शंभर-दीडशे किलोमीटरसुद्धा भरत नाही. कड्यावरून सुटलेला गाळ जिथे नदीचा वेग मंदावतो तिथे, म्हणजे महाड आणि चिपळूणच्या आसपास, पात्रात बसतो. पात्र उथळ झालं की तेवढ्याच पाण्याला जास्त जागा लागते. जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढायची मोठी मोहीम झाली. ते गरजेचं होतं, पण वरच्या उतारावरून दरवर्षी नवा गाळ येत असेल तर तळ पुन्हा भरणार. आणि मोठी दरड एकदा येऊन संपत नाही. तिचा उघडा पडलेला व्रण पुढची कित्येक वर्षं माती सोडत राहतो.

नकाशा आणि वही

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण भागांचे नकाशे १ : ५०,००० या प्रमाणात केले आहेत. या प्रमाणात नकाशावरचा १ सेंमी म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. शंभर मीटर लांबीची वाडी त्यावर २ मिमी भरते. तालुक्याचा अंदाज घ्यायला हा नकाशा चांगला, वाडीचा निवाडा त्याने होत नाही. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारने विधानसभेतच सांगितलं होतं. यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नये. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत विशिष्ट जागेची तपासणी मागता येते. ग्रामसभेचा ठराव, भेगांचे तारखेसह फोटो आणि मोजमापांची वही जोडली की अर्जाला वजन येतं.

वहीत काय लिहायचं? मोबाइलमधल्या कोन मोजणाऱ्या ॲपने घरामागच्या उताराचा कोन. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिथे काय काय झालं : कुठे तोड, कोणत्या साली, बुंधे ठेवले की उपटले, रस्ता कधी, चर कधी. उपग्रहाच्या जुन्या चित्रांवरून यातलं बरंच घरबसल्या ताडता येतं. मग भेगा. उताराला उभी उतरणारी भेग बहुधा पाण्याने खणलेली असते. आडवी, कमानीसारखी, दोन्ही टोकं खाली वळलेली आणि खालची कड बसलेली अशी भेग दिसली तर तो तुकडा सुटायला लागला आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मीटरवर एकेक सळई ठोकावी आणि रोज ठरलेल्या वेळी दोन्हींमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहावं. रोज २ मिमी वाढ असेल तर काळजी. एके दिवशी २, दुसऱ्या दिवशी ५, तिसऱ्या दिवशी १२ अशी चढ असेल तर त्याच दिवशी घर सोडावं. चौथा आकडा घ्यायला थांबू नये. भेग पावसाआधी सापडली तर चिकण माती ठोकून भरावी, वरून प्लास्टिक कापड अंथरावं आणि वरच्या अंगाने येणारं पाणी अस्तर असलेल्या, उतार दिलेल्या गटारातून बाजूला न्यावं.

नेहमीचा झरा एकाएकी गढूळ होणं, नवीन जागी झरा फुटणं, खांब किंवा झाडं कलणं, दारं चौकटीत अडकणं, उताराच्या पायथ्याशी जमीन फुगणं, ही सगळी एकाच जातीची लक्षणं. आणि सगळ्यात वाईट : धो धो पावसात व्हाळाचं पाणी अचानक आटणं. वर कुठेतरी ढिगाऱ्याने बांध घातला आहे आणि तो फुटणार आहे. अशा वेळी व्हाळाच्या दिशेने खाली पळू नये, आडवं, व्हाळापासून दूर जावं. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

घरापुरतं एक काम लगेच करता येतं. १०० चौरस मीटरच्या छपरावर ३०० मिमी पावसात ३०,००० लिटर पाणी पडतं आणि पागोळ्यांतून ते घरामागच्या मातीतच मुरतं. पन्हळ लावून ते पाइपने पक्क्या गटारात सोडावं. शोषखड्डा आणि संडासाची टाकीही उताराच्या कडेला नको.

पुनर्वसनाची जागा निवडताना हाच सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो. डोंगराळ तालुक्यात नवी सपाट जागा म्हणजे बहुधा कापून-भरून केलेली. माळीणचं पुनर्वसन आमडे इथे झालं. २०१७ च्या पहिल्याच पावसात तिथल्या रस्त्यांचे आणि भिंतींचे भराव खचल्याच्या बातम्या आल्या. भराव २०-२५ सेंमीच्या थरांत, ओलावा राखून, प्रत्येक थर रोलरने दाबत घालायचा असतो. एकदम दोन-तीन मीटर ओतून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचा वीतभर दबतो. घराचा अर्धा पाया कापलेल्या जमिनीवर आणि अर्धा भरावावर आला तर भेग नेमकी त्या सांध्यावर पडते, म्हणून घरांच्या रांगा कापलेल्या बाजूला ठेवून भरावावर अंगण किंवा मैदान काढतात. पाण्याचे नाले घरांच्या आधी बांधायचे. आणि शक्य असेल तर भरावाला एक पूर्ण पावसाळा मोकळा जाऊ द्यायचा, मगच चौथरे आखायचे.